डोकं बावीस, मार्जिन नको

गाडी चालवायचं लायसन सरकार देतं. मागे बसायचं कुणी देत नाही, कारण मागे बसणं म्हणजे काही करणं असं कुणाला वाटतच नाही. आमच्या मुलीलाही वाटत नाही. "आई, तू तर नुसती बसायचीस," असं ती परवा म्हणाली आणि मी तिला अशी झाडली की बिचारी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. नुसती बसायचीस म्हणे. चोवीस वर्षं मी तिच्या वडिलांच्या मागे बसले. म्हैसूर ते टी. नरसीपूर, तिथून आजूबाजूची खेडी, कधी उलट दिशेला हुणसूर. तेवढ्या वर्षांत माणूस नुसता बसून राहत नाही.

आमचं देवराज मोहल्ल्यात शिलाईचं दुकान. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही. नरसीपूरच्या बाजूला लग्न निघालं की घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज आमच्याकडे यायचे, आणि मापं घ्यायला आम्ही त्यांच्या घरी जायचो. मापं पुरुषाने घेतलेली त्या बायकांना चालत नसत. म्हणून मी आतल्या खोलीत टेप घेऊन उभी राहायची आणि हे बाहेर ओट्यावर मांडीवर वही घेऊन बसायचे. मी आतून ओरडायची, "दंड अकरा, बाही नऊ, उंची चौदा!" हे बाहेरून म्हणायचे, "आयतु," म्हणजे झालं लिहून. सगळ्या गल्लीला कुणाचा दंड किती ते कळायचं. एका म्हातारीने एकदा सांगितलं होतं, "माझा आकडा हळू सांग गं, बाहेर जावई बसलेत."

तर मागची सीट ही माझी कामावर जायची जागा होती. फिरायला नाही जायचो आम्ही.

पहिल्याच फेरीला वळणावर हे डावीकडे कलले आणि मी घाबरून उजवीकडे. गाडी अशी डळमळली की समोरचा बैलगाडीवाला शिव्या द्यायला उठून उभा राहिला. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "शर्टाची पाठ असते ना, तशी बस. मी वळलो तर शर्ट कधी उलटा जातो का?" मला ते लगेच कळलं. शिंप्याच्या बायकोला आणखी कशात सांगणार?

मग हळूहळू बाकीचं शिकले. पदर कमरेला खोचायचा, वर पिन लावायची. चाकाला पदर फार आवडतो. पाय पायदानावरच, लोंबकळते नाहीत. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टेकायचा नाही, कितीही ओळखीचं घर येऊ दे. रस्त्यात कुणी हाक मारली तरी कंबरेतून वळून बघायचं नाही. मांडीवर कापडांचं गाठोडं, एक हात त्याच्यावर, दुसरा ह्यांच्या खांद्यावर. खड्डा दिसला की हे म्हणायचे, "गट्टी हिडको," घट्ट धर. मी आधीच धरलेलं असायचं.

वाऱ्यात बोललेलं ह्यांना ऐकू जायचं नाही, म्हणून आमच्या थापा ठरल्या होत्या. पाठीवर एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे मी नीट बसले, चला. चोवीस वर्षांत आम्ही एकमेकांशी सगळ्यात सभ्यपणे बोललो असू तर त्या थापांनीच. घरात माझी जीभ कशी चालते ते मोहल्ल्याला विचारा.

आणि वास. ह्यांच्या पाठीला चंदनाच्या साबणाचा, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा असा मिळून एक वास यायचा. कुणी डोळे बांधून मला शंभर माणसांच्या मागे बसवलं असतं, तरी मी ह्यांची पाठ ओळखली असती. हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.

मग मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट पाहिजे असा नियम आला. एका शुक्रवारी संध्याकाळी हे गळ्यात टेप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "चल, डोकं दे." आता शुक्रवार म्हटल्यावर माझा अंबाडा घातलेला आणि अंबाड्यावर ह्यांनीच आणलेली मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ. ह्यांनी टेप अंबाड्यावरून, फुलांवरून गोल फिरवला आणि माप घेतलं. आणि वर अर्धा इंच मार्जिन धरलं. ब्लाउजला आम्ही नेहमी धरतो. कापड आटतं, बाई भरते, आत थोडं ठेवलेलं बरं. आमच्या धंद्यात मार्जिन न ठेवणारा शिंपी कंजूष समजला जातो. डोकं काही भरत नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

हेल्मेट आलं ते नाकापेक्षा मोती जड. मान हलवली की ते मागून सावकाश यायचं. ह्यांनी रात्रंदिवस विचार करून त्याला आतून मऊ अस्तर शिवलं, अस्तरात कापूस भरला, धुवायला काढता येईल असं. मग माझी दुसरी तक्रार. हनुवटीखालचा पट्टा चावायचा आणि त्याचा खटका लावायला दोन्ही हात लागायचे. माझ्या मांडीवर गाठोडं. मी रोज कुरकुर केली. शेवटी ह्यांनी पट्टा कापला आणि त्याला ब्लाउजचे तीन हुक लावले. एका हाताने लागायचे, एका हाताने निघायचे. मोहल्ल्यातल्या चारचौघी ते बघायला आल्या. एक म्हणाली, "अक्का, तुझ्या हेल्मेटला फॉलपिको पण करून घे." मी मिरवलं, खोटं कशाला बोलू? अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमच्या घरात दोन शहाणे होते.

ते ज्या दिवशी झालं तो दिवस थंडीचा, दुपारची वेळ. नरसीपूरच्या अलीकडे शेतकऱ्यांनी रस्त्यावर हुलगे पसरले होते. आमच्याकडे ती रीतच आहे. पीक निघालं की वेलांसकट रस्त्यावर टाकायचं, येणारी-जाणारी चाकं मळणी करून देतात. मी लांबून बघितलं आणि एक थाप दिली. ह्यांनी वेग कमीही केला. पण त्या कोरड्या वेलांवर चाक सरकलं ते सरकलंच. गाडी आडवी झाली. ह्यांचं कोपर सोललं, माझा गुडघा. तेवढंच झालं असतं. पण मला आठवतं, मी पडत होते आणि माझ्या आधी माझं हेल्मेट जमिनीवर पोचलं होतं.

दवाखान्यात दोन दिवस मी कुठे होते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर ह्यांना सांगत होते, "हेल्मेट डोक्यावर राहिलं असतं तर खरचटण्यावर भागलं असतं." डॉक्टरांना काय माहीत ते कुणाला सांगताहेत. ह्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले. नंतर मला ते हेल्मेट दाखवलं. शिवण उसवली नव्हती. ह्यांची शिवण उसवत नाही. तिन्ही हुक सरळ झाले होते.

त्या दिवसापासून ह्यांनी कानाला खडा लावला. मला मागे बसवायचं नाही. मी चांगली झाले, टाके निघाले, मशीनवर बसायला लागले, तरी नाही. मी भांडले, रुसले, स्वयंपाक अळणी करून बघितला. "बेडा," एवढंच. नको म्हणजे नको. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात हे मलाही कळतं, पण म्हणून ताक प्यायचंच नाही का?

आणि एक गोष्ट मी ह्यांच्यापासून लपवली. घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी ओट्याशी उभी असताना दूध उतू जाऊन करपलं, आणि शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली तेव्हा मला कळलं. मी तिथेच उभी होते. मग मी हिंग हुंगला. कापूर हुंगला. काही नाही. शेवटी ह्यांचा उतरवलेला शर्ट घेतला आणि तोंडावर धरला. नुसतं कापड लागलं गालाला. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

नंतर मी एकटी जाऊन डॉक्टरांना विचारलं. डोक्याला मार बसला की कधी कधी असं होतं, म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. आलं नाही. मी ह्यांना सांगितलं नाही. हुकांचं ओझं त्या माणसाला पुरेसं होतं. शुक्रवारी हे मल्लिगे आणायचे, मी नाकाशी धरून म्हणायची, "छान वास आहे." जेवताना म्हणायची, "फोडणी झकास बसली." इतकी वर्षं बायकांना "ब्लाउज अगदी छान बसलाय" म्हणत आले होते, तेवढं खोटं मला जमतं. थोड्या दिवसांनी हे मल्लिगेच्या जागी अबोली आणायला लागले. आमच्याकडे तिला कनकांबर म्हणतात. मला बरंच वाटलं. तिला मुळात वासच नाही, खोटं बोलायचं वाचलं. मला वाटलं मल्लिगेचा हंगाम संपला असेल. हंगाम परत आला तरी अबोलीच यायची, पण मी विचारलं नाही. कशाला विचारायचं?

कामाचं काय करायचं? मापं तर मीच घेणार. मग सुरू झालं आमचं ते हसं. एकाच गावाला, एकाच वेळी निघून, नवरा गाडीवर आणि बायको बसमध्ये. "बायकांना तिकीटही नाही, आणखी काय पाहिजे," असं हे मला स्टँडवर सोडताना म्हणायचे. सोडताना म्हणजे चालत. स्टँडपर्यंतसुद्धा गाडीवर नाही. मी खिडकीपाशी बसायची. बस सुटली की थोड्या वेळाने मागच्या काचेतून ह्यांचं हेल्मेट दिसायचं. हे बसच्या मागे मागे, बसच्या वेगाने, बसचा धूर खात नरसीपूरपर्यंत यायचे. पुढे जायला सांगितलं तरी जायचे नाहीत. ह्यांच्या मागची सीट रिकामी आणि तिच्यावर माझं गाठोडं दोरीने बांधलेलं. मला त्या गाठोड्याचा राग यायचा. हसू नका, खरंच यायचा.

बसमध्ये मला बसायला मऊ जागा मिळायची, ऊन लागायचं नाही, कंबर दुखायची नाही. तरी मला ती पाठ हवी होती. वळणावर बस वळली की माझं अंग आपोआप कलायचं आणि शेजारच्या बाईला धक्का लागायचा. हात मांडीवर असायचा आणि बोटं थाप द्यायला उठायची. तीन वर्षं अशी गेली. आमचं काही वय वाढायचं थांबलं नव्हतं. ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. एक दिवस हे गाडीच विकून टाकतील आणि मी पुन्हा त्या सीटवर बसल्याशिवायच सगळं संपून जाईल, ही भीती मला वाटायला लागली. मुलगी म्हणाली, "आई, मी नेते ना स्कूटरवर." मी म्हटलं, "तुझी पाठ नको मला." तिला वाईट वाटलं असेल. पण खरं ते बोलले.

मागच्या दिवाळीनंतर दुकानातलं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात ते जुनं हेल्मेट सापडलं. ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून ठेवलेलं. सरळ झालेले तीन हुक तसेच. ह्या माणसाने ते टाकलं नव्हतं, इतकी वर्षं रोज त्याच कपाटातून कात्री काढत होता. मला इतका राग आला आणि इतकी दया आली की काय करावं कळेना.

मग मला सुचलं. मी आरशासमोर बसले, अंबाडा सोडला, सैल वेणी घातली, आणि टेप घेऊन कपाळावरून, कानांच्या वरून, मागे नेऊन स्वतःच्या डोक्याचं माप घेतलं. तीनदा घेतलं. आणि मापांच्या वहीत, दुसऱ्या दिवसाच्या पानावर, गिऱ्हाइकाचं लिहितात तसं लिहून ठेवलं. नावाच्या जागी "घरचं गिऱ्हाईक". खाली "डोकं बावीस. मार्जिन नको. हुक नकोत. लवकर पाहिजे."

शिंपी वहीतल्या मापाला नाही म्हणत नाही. बाकी कशालाही म्हणेल.

सकाळी ह्यांनी वही उघडली. मी मशीनवर मान खाली घालून शिवत होते, पण शिवण कुठे चालली होती देव जाणे. हे बराच वेळ ते पान बघत बसले. मग पेन्सिल घेतली, खाली काहीतरी लिहिलं आणि बाहेर गेले. मी धावत जाऊन बघितलं. लिहिलं होतं, "ट्रायल गुरुवारी."

गुरुवारी आम्ही हेल्मेटच्या दुकानात चालत गेलो. दुकानदाराने बावीसचं काढलं. ते घालताना कान ओढले गेले, गाल आत चेपले गेले, मी म्हटलं, "हे तर आवळ आहे." दुकानदार म्हणाला, "अम्मा, असंच पाहिजे. नवं असताना आवळच." ह्यांनी माझं हेल्मेट दोन्ही हातांत धरून हलवलं. माझं डोकं बरोबर हललं, कातडीसकट. पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. मागून वर उचलून बघितलं, निघतंय का. पाच-सहा वेळा. दुकानदार कंटाळला, पण हे खटका पुन्हा लावून, पुन्हा सोडून बघत राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, "साडी नाही चालणार. एका अंगावर बसायचं बंद. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं." आणि ह्या वयात मला चुडीदार शिवून दिला. जन्मात पहिल्यांदा ह्यांनी माझं माप वहीत न बघता शिवलं आणि तो अंगाला असा बसला की मुलगी म्हणाली, आई, मलाही असाच. ओढणी शिवलीच नाही. गाडीला मागे पेटी बसवून घेतली, गाठोडं त्यात. म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे. माझ्या जागेवरून ते गाठोडं एकदाचं उठलं.

नरसीपूरला एका लग्नघरी जायचं होतं. शुक्रवार होता. निघताना ह्यांनी अबोलीची पुडी माझ्या पिशवीत टाकली. "उतरल्यावर माळ. हेल्मेटच्या आत नाही." मी दोन्हीकडे पाय टाकून बसले. लाज वाटली आणि वाटली नाही. खटका लावला. ह्यांनी हात मागे आणून तो स्वतः चाचपला, मगच गाडी सुरू केली.

आणि मी बसले हो. वळणावर हे कलले, मी कलले. दोन्ही हात ह्यांच्या कमरेशी होते, असं आधी कधी बसले नव्हते. पण पाठीशी एवढी जवळ जाऊन मी श्वास घेतला आणि काही आलं नाही. साबण नाही, तेल नाही, खळ नाही. नुसती हवा. ज्यासाठी तीन वर्षं जीव टाकला होता त्यातलं अर्धं परत येणारच नव्हतं, हे मला तिथे कळलं. आधी ठाऊक होतं, पण कळलं तिथे. मी तोंडातून आवाज येऊ दिला नाही.

त्या जागेच्या अलीकडे रस्त्यावर पुन्हा हुलगे पसरलेले होते. मी दोन थापा द्यायच्या आधीच ह्यांनी गाडी थांबवली. मी उतरले. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत मातीच्या कडेने नेली, मी मागून चालत गेले. पलीकडे झाडाखाली थांबलो. मी हेल्मेट काढलं, घाम पुसला. ह्यांना माझे डोळे दिसले असणार, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी पुडी सोडली आणि विचारलं, "मल्लिगे का आणत नाही हो आताशा?"

हे गाडीच्या आरशात बघत राहिले. मग म्हणाले, "दवाखान्यातून आल्यावर दुसरा की तिसरा शुक्रवार असेल. मशीन धुताना पुडीवर रॉकेल सांडलं होतं. घाण वास मारत होती माळ. टाकून देणार होतो, तेवढ्यात तू हातातून घेतलीस, नाकाशी धरलीस आणि म्हणालीस, छान वास आहे."

तीन वर्षं मी फोडणीचं, फुलांचं, उदबत्तीचं कौतुक करत होते आणि हे माणूस समोर बसून मान हलवत होतं.

"मग म्हटलं," हे म्हणाले, "रंग तर दिसतो ना तुला."

मला रडू आलं, मी रडले. हे तिकडे हुलग्यांकडे बघत उभे राहिले. मग मी अबोली वेणीत न माळता पिशवीत परत ठेवली, कारण अजून पोचायचं होतं. हेल्मेट घातलं, खटका लावला. ह्यांनी तो चाचपला. मी दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि ह्यांच्या पाठीवर तीन थापा दिल्या.